बेवारस बेट आणि सामाईक जबाबदारी



मॉरिशसच्या मुख्य बेटापासून ईशान्येस सुमारे २२ किलोमीटरांवर, हिंदी महासागरात, राउंड आयलंड नावाचे एक निर्मनुष्य बेट आहे. बेट लहानच, क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरांच्या आसपास, उंची तीनशे मीटरांहून थोडी कमी. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या ठिसूळ खडकाचा तो समुद्रातून वर आलेला एक डोंगर आहे. नाव राउंड असले तरी बेट धड गोल नाही. शेजारचे सर्पंट आयलंड त्या मानाने बरेच गोल आहे, पण त्यावर साप नाहीत. साप आहेत ते राउंड आयलंडवर. नकाशा करताना कोणा दर्यावर्द्याने नावांची अदलाबदल केली, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, ज्यांनी या बेटांना नावे दिली त्यांना बेटांवर काय जगते आहे याची फारशी फिकीर नव्हती, एवढे तिच्यावरून म्हणायला हरकत नाही.

या बेटावर ताडकुळातील तीन झाडे शतकानुशतके वाढत आली. एकाचे खोड बुंध्याशी फुगीर आणि वर निमुळते, म्हणून त्याला इंग्रजीत बाटलीचा ताड, म्हणजे बॉटल पाम, म्हणतात. दुसरा लटानिया, त्याची पाने निळसर छटेची आणि पंख्यासारखी पसरट. तिसरा हरिकेन पाम, म्हणजे चक्रीवादळालाही न हटणारा ताड. त्याचा एक खास प्रकार याच बेटापुरता राहिला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तिघांची स्थिती अशी झाली की लटानिया कसाबसा टिकून होता, बाटलीच्या ताडाची पूर्ण वाढलेली झाडे १९८० च्या दशकात दहाच्या आत आली होती, आणि हरिकेन पामचा तो प्रकार तर एकदोन झाडांवर येऊन ठेपला होता. या ऱ्हासाचे तात्कालिक कारण होते एकोणिसाव्या शतकात बेटावर सोडलेल्या शेळ्या आणि ससे.

एवढ्यावरच थांबले तर ही वनस्पतिशास्त्रातील एक खेदजनक नोंद ठरेल. परंतु या लहानशा बेटाच्या कथेत एक मोठा राजकीय प्रश्न दडलेला आहे, आणि तो समाजवादी विचाराच्या थेट गाभ्याशी जाऊन भिडतो. जी गोष्ट कोणा एकाच्या मालकीची नाही, ती सर्वांची असते की कोणाचीच नसते? ती सामाईक असते की बेवारस?

शेळीने खाल्ले म्हणजे नेमके काय झाले, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. आंबा, वड, साग यांसारख्या झाडांची फांदी तोडली तर दुसरीकडून फूट येते. ताडकुळातील बहुतेक झाडांना ही सोय नाही. त्यांना एकच शेंडा आणि त्या शेंड्यात एकच कोंब. तेथूनच सारी पाने, सारी वाढ. शेंडा मेला की माड मेला, हे कोकणातल्या बागाईतदाराला कोणी सांगावे लागत नाही. खुद्द मॉरिशसमध्ये ताडाचा हाच कोवळा गाभा काढून त्याची कोशिंबीर करतात, आणि तिला लक्षाधीशांची कोशिंबीर म्हणतात. कारण एका पानाच्या ताटासाठी एक संपूर्ण झाड तोडावे लागते. मोठ्या झाडाचा शेंडा शेळीच्या तोंडापासून उंच असतो. रोपाचा कोंब मात्र जमिनीलगत असतो, आणि तो एकदा खुडला गेला की रोप संपले.

म्हणून शेळ्यांनी आणि सशांनी ग्रासलेल्या बेटावर एक मोठी फसवणूक घडते. लांबून पाहणाऱ्याला झाडे उभी दिसतात. ती फुलतात, फळतात, बियाही रुजतात. परंतु वर्षामागून वर्षे जातात आणि एकही रोप झाड होत नाही. ताड दीर्घायुषी असल्याने ही अवस्था कित्येक दशके तशीच चालू राहते, आणि पाहणाऱ्यांच्या पिढ्याच बदलत असल्याने कोणाला फरक जाणवत नाही. मग एखादे चक्रीवादळ येते, दोन-चार म्हातारी झाडे उन्मळून पडतात, आणि त्यांच्या जागी उभे राहायला कोणीच नाही हे त्या वेळी लक्षात येते. जात मरते ती शेवटचे झाड पडल्यावर नव्हे. रोपे वाढणे थांबते तेव्हाच तिचे मरण सुरू झालेले असते.

आता या शेळ्या तेथे आल्या कशा? बेटाच्या कड्यांवर उतरणे इतके अवघड, की उंदरांनाही तेथे कधी पाय ठेवता आला नाही. साऱ्या जगात जहाजांबरोबर पसरलेले उंदीर येथे पोहोचले नाहीत, म्हणूनच अन्यत्र नष्ट झालेले कित्येक प्राणी आणि वनस्पती येथे शिल्लक राहिल्या. शेळ्या आणि ससे मात्र अपघाताने आले नाहीत. युरोपीय जहाजे महासागर ओलांडू लागल्यापासून वाटेवरच्या बेटांवर जनावरे सोडून देण्याची रीत पडली होती. पुढच्या फेरीत ताजे मांस मिळावे, वादळात जहाज फुटले तर वाचलेल्यांना अन्न असावे, कधी शिकारीची हौस भागावी, असा तो सरळ हिशेब होता. तीत बेट म्हणजे एक फुकटचे कोठार. कोठारात आधीपासून कोण राहते, याची विचारपूस करण्याचे कोणाला कारण नव्हते.

मॉरिशसचा सगळा इतिहासच या हिशेबाचा इतिहास आहे. १५९८ साली डच तेथे उतरले. त्यांच्या काळात डुकरे, माकडे, उंदीर आले. १६३९ मध्ये जावा बेटावरून हरणे आणून सोडली गेली. त्याच शतकात डोडो हा न उडणारा पक्षी नामशेष झाला. १७१० मध्ये डच निघून गेले. पाठोपाठ फ्रेंच आले, आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. जंगले उतरली आणि ऊस चढला. आफ्रिका आणि मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर हा ऊस पिकत होता. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण मळेवाल्यांची मजुरांची भूक संपली नाही. १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणणे सुरू झाले होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत अशा सुमारे साडेचार लाख माणसांनी पोर्ट लुईच्या बंदरातील त्या पायऱ्या चढल्या. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे.

मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत कोकणातील आणि घाटावरील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणेश चतुर्थी साजरी करतात आणि मराठी शिकतात. त्यांच्या पूर्वजांना ज्या वहीत टनावारी साखरेच्या खर्चाची एक बाब म्हणून लिहिले गेले, तीच वही त्या भूमीलाही लागू होती. ज्या जमिनीत ऊस येतो ती किमतीची, ज्या माणसाकडून ऊस तोडून घेता येतो तो किमतीचा. बाकी सारे फाजील. मॉरिशसच्या मूळ अरण्यापैकी चांगल्या स्थितीतले दोन टक्केही आज उरलेले नाही. राउंड आयलंडवर ऊस होण्याजोगा नव्हता. त्यामुळे त्याची लूट करण्याचीही कोणाला गरज भासली नाही; त्याची नुसती उपेक्षा झाली. साम्राज्यशाहीच्या हिशेबात लुटीइतकीच उपेक्षाही विनाशक असते, याचे हे बेट उत्तम उदाहरण आहे.

उपेक्षेचा परिणाम साखळीसारखा पुढे सरकत गेला. रोपे गेली, त्याबरोबर जमिनीला धरून ठेवणारी झुडपे आणि गवत गेले. वरच्या उतारांवर कठीण लाकडाच्या झाडांचे जे अरण्य होते तेही नाहीसे झाले. झाडोरा गेल्यावर पावसाने राखेची भुसभुशीत माती धुऊन समुद्रात नेली, आणि मोठ्या भागावर उघडा खडक तेवढा राहिला, त्यातही ओघळींनी चरे पडलेले. ज्या थोड्या जागी माती तग धरून राहिली ती मुख्यतः ताडांच्या आणि केवड्याच्या कुळातील झाडांच्या बुडाशी, त्यांच्या गळलेल्या पानांच्या ढिगाखाली. त्याच ढिगांत पाली, सरडे आणि साप आसरा घेत. या बेटावर बोआंच्या जवळचे असे दोन दुर्मीळ साप होते, जे इतरत्र कोठेच उरले नव्हते. त्यांपैकी एक मातीत बिळे करून राहणारा. माती नाहीशी झाली तसा तोही नाहीसा झाला. १९७५ नंतर तो कोणाला दिसलेला नाही. शेळीने सापाला कधी तोंड लावले नव्हते, तरी त्याच्या मृत्यूची पहिली ओळ शेळीनेच लिहिली होती.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. अशी कथा ऐकली की एक विशिष्ट निष्कर्ष काढण्याची घाई होते, आणि तो निष्कर्ष काढणारे लोक प्रतिष्ठित असतात. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक निबंध लिहून असे प्रतिपादन केले की सर्वांसाठी खुले असलेले कुरण अखेर उद्ध्वस्तच होते. कारण प्रत्येक गुराखी आपले आणखी एक जनावर त्यात सोडतो, लाभ स्वतः घेतो आणि तोटा सर्वांवर वाटतो. उपाय दोनच: खाजगी मालकी किंवा वरून लादलेली सक्ती. या निबंधाचा गाजावाजा जगभर झाला. सामाईक जमिनी विकाव्यात, गावकुरणे वाटून टाकावीत, जंगलातून माणसे हाकलावीत, या साऱ्याला त्यातून एक तात्त्विक आधार मिळाला. राउंड आयलंड म्हणजे हार्डिनच्या सिद्धान्ताचे मूर्तिमंत प्रमाणच, असे कोणालाही वाटेल.

परंतु जरा नीट पाहिले तर दिसते की या बेटावर गुराखीच नव्हता. तेथे गाव नव्हते, पंचायत नव्हती, आज कोणते रान बंद आणि उद्या कोणते खुले हे ठरवणारी वडीलधारी माणसे नव्हती. शेळ्या सोडणारे निघून गेले. तोटा सोसणाऱ्यांत माणूस कोणी नव्हताच. याला सामाईक म्हणता येत नाही. ही बेवारस स्थिती आहे. सामाईक गोष्टीला नियम असतात, नियम मोडणाऱ्याला जाब विचारणारे शेजारी असतात, आणि ती पुढच्या पिढीला द्यायची आहे ही जाणीव असते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरातील कुरणे, जंगले, पाटबंधारे आणि मासेमारी यांचे दाखले देऊन हेच सिद्ध केले, की लोक आपसांत नियम करून सामाईक साधने दीर्घकाळ राखू शकतात आणि राखत आले आहेत. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हार्डिनने ज्याचे वर्णन केले ते वस्तुतः बेवारसाचे होते. नाव मात्र त्याने सामाईकाचे दिले.

हा भेद शब्दच्छल नव्हे. आपल्याकडे उजाड माळरान दिसले की बोट शेळीकडे जाते, आणि शेळीच्या मागे उभ्या असलेल्या भूमिहीन बाईकडे जाते. गायरान कोणी बळकावले, कुरणाची नांगरट कोणी केली, कारखान्याला किंवा वसाहतीला ते कोणी देऊन टाकले, हे प्रश्न मागे पडतात. उरलेल्या चिंधीएवढ्या तुकड्यावर साऱ्या गावाची जनावरे एकवटली की मग चराईबंदीचा उपदेश सुरू होतो. दख्खनचा धनगर आपली मेंढरे घेऊन पावसाच्या मानाने फिरतो, एका जागी थांबत नाही, आणि शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवून त्याच्या जमिनीला खत देतो. त्याच्या हातात काठी आहे, वाट आहे आणि ऋतूचे ज्ञान आहे. राउंड आयलंडच्या शेळीला यातले काही नव्हते. तिला बेटाबाहेर जायला वाटच नव्हती. दोघांना एकाच तराजूत घालणे हा शास्त्राचा विपर्यास आहे आणि गरिबांवर अन्याय आहे. अर्थात याचा अर्थ असाही नव्हे की कोणत्याही रानात कितीही जनावरे चरली तरी चालते. जेथे नियम गावाने मिळून केले, चाऱ्याची सोय केली आणि ज्यांच्याकडे जनावराखेरीज काही नाही त्यांना वाऱ्यावर सोडले नाही, तेथे चराईबंदी टिकते. जेथे ती केवळ दुबळ्यांवर लादली जाते तेथे ती रातोरात मोडते.

राउंड आयलंडच्या कथेचा दुसरा धडा सरकारी मालकीविषयी आहे, आणि तो समाजवाद्यांना अधिक टोचणारा आहे. १९५७ साली, ब्रिटिश अमदानीतच, हे बेट राखीव निसर्गक्षेत्र म्हणून जाहीर झाले. कागदावर बेटाला धनी मिळाला. शेळ्यांना मात्र या जाहिरनाम्याची वार्ता कोणी दिली नाही. १९६८ च्या मार्चमध्ये मॉरिशस स्वतंत्र झाले. नवजात राष्ट्रापुढे रोजगार, घरे, साखरेच्या भावाची चिंता असे शंभर प्रश्न होते. बेटावर चरणे चालूच राहिले. शेवटच्या शेळ्या हटवल्या गेल्या १९७९ मध्ये. कायदा आणि कृती यांत बावीस वर्षांचे अंतर. त्या बावीस वर्षांत बेट सरकारचे होते आणि तरीही बेवारसच होते. मालकीचा शिक्का बदलला की मालमत्ता लोकांची होते, असे मानणाऱ्यांनी या बावीस वर्षांकडे वारंवार पाहावे. राष्ट्रीयीकरण हे जबाबदारीचे पहिले पाऊल असते. पुढची पावले कोणी टाकलीच नाहीत तर साहेबाच्या जागी कारकून येतो, आणि गोदामाला कुलूप तसेच राहते.

पुढची पावले पडली ती अनेकांच्या प्रयत्नांनी. १९७६ मध्ये जर्सी बेटावरील प्राणिसंस्थेचे संस्थापक जेराल्ड ड्युरेल तेथे जाऊन आले. त्यांच्या लेखनामुळे या उपेक्षित खडकाचे नाव जगाला ठाऊक झाले. शेळ्या गेल्या तरी ससे होतेच, आणि कोवळ्या कोंबाच्या दृष्टीने ससा शेळीहून सौम्य नसतो. १९८६ मध्ये न्यूझीलंडच्या वन्यजीव सेवेतील डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषारी आमिष पसरून ससे पूर्णपणे नाहीसे केले. न्यूझीलंड हा स्वतःच बाहेरून आलेल्या प्राण्यांनी पोळलेला देश; तेथील कर्मचाऱ्यांनी आपल्या अनुभवाचे दान दुसऱ्या एका बेटाला दिले. आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या पोकळ गप्पा पुष्कळ होतात. हे सहकार्य मात्र हातापायांचे होते.

येथे गांधीविचाराच्या संस्कारात वाढलेल्या मनात एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. झाडासाठी प्राण्यांना मारायचे? ज्या मुक्या जनावरांना माणसाने तेथे नेऊन टाकले, त्यांनाच माणसाच्या चुकीची शिक्षा? आक्षेप खरा आहे, आणि शेळ्या-सशांचा काहीच दोष नव्हता हेही खरे आहे. परंतु त्या बेटावर हिंसेविना पर्याय शिल्लक नव्हता, हे मान्य करावे लागते. हात जोडून बसणे म्हणजे हिंसा टाळणे नव्हते. ती चालू ठेवणे होते. ताड, साप, पाली आणि अखेर स्वतः शेळ्याही त्या उजाड खडकावर उपाशी मेल्या असत्या. कड्याकपारींतून प्रत्येक जनावर जिवंत पकडून होडीने नेणे एखाद्या ठिकाणी शक्य होते, सर्वत्र नाही. जे झाले त्याचा उत्सव करू नये. त्याचा भार मात्र ज्यांनी गोळी झाडली त्यांच्यावर टाकू नये. तो भार दीडशे वर्षांपूर्वी फुकटच्या मांसासाठी जनावरे सोडून निघून गेलेल्यांवर आहे. पापाची किंमत पाप करणारा क्वचितच चुकवतो. ती पुढे येणाऱ्या कोणा सज्जनाला हात मळवून चुकवावी लागते.

ससे गेल्यावर काही वर्षांतच म्हाताऱ्या ताडांखाली रोपे टिकू लागली. लटानियाची वाढ पसरली, बाटलीच्या ताडाची नवी पिढी उभी राहिली. जे बी दरवर्षी रुजून वाया जात होते तेच आता झाड होऊ लागले. परंतु या आनंदात एक अडचण होती. शेळ्या मूळ वनस्पतींबरोबर बाहेरून आलेले तणही खात होत्या. त्या गेल्यावर तणही माजले. म्हणजे शत्रू हटवला की स्वर्ग आपोआप अवतरतो, ही क्रांतीविषयीची भाबडी समजूत येथेही खोटी ठरली. त्यानंतरचे काम दशकानुदशकांचे आणि निरस होते: तण उपटणे, बी गोळा करणे, रोपवाटिकेत रोपे वाढवणे, नाहीशा झालेल्या कठीण लाकडाच्या झाडांची लागवड, पालींची मोजणी. मॉरिशसचे राष्ट्रीय उद्यान खाते आणि १९८४ मध्ये स्थापन झालेली तेथील वन्यजीव संस्था यांची माणसे बेटावरील ठाण्यात राहून हे काम करत आली. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात ती ताडांची. तण उपटणाऱ्यांची येत नाहीत.

आणखी एक पाऊल उल्लेखनीय आहे. मॉरिशसमध्ये एके काळी महाकाय कासवे होती. खलाशांनी आणि वसाहतवाल्यांनी ती खाऊन संपवली. म्हणजे चरणारा प्राणी या बेटांना नवा नव्हता; तेथील झाडे कासवांबरोबरच वाढली होती. २००७ मध्ये सेशेल्सच्या अल्डाब्रा बेटावरच्या जातीची महाकाय कासवे राउंड आयलंडवर सोडण्यात आली. नष्ट झालेल्या कासवांचे काम त्यांनी करावे, तण खावे, बिया पसरवाव्यात, अशी त्यामागची कल्पना. यावरून हे स्पष्ट होते की झाड विरुद्ध जनावर असा हा लढा कधीच नव्हता. कोणते जनावर, किती, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणाच्या हिशेबासाठी, हा खरा प्रश्न आहे.

हा अनुभव एकाच बेटाचा आहे, अशी शंका कोणी काढू नये. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे २५० किलोमीटरांवर ग्वादालुपे नावाचे बेट आहे. तेथे देवमासे आणि सील मारणाऱ्या जहाजांनी एकोणिसाव्या शतकात शेळ्या सोडल्या. तेथेही फक्त त्याच बेटावर उगवणारा एक ताड होता; दीड शतकाच्या काळात त्याचीही म्हातारी झाडे तेवढी उभी होती आणि खाली रोप नव्हते. मेक्सिकोतील संस्थांनी त्या देशाच्या नौदलाच्या आणि बेटावरील मच्छीमारांच्या साहाय्याने २००७ पर्यंत शेळ्या हटवल्या, आणि तेथेही रोपे परत आली. दोन महासागर, दोन साम्राज्यांचा वारसा, दोन वेगळ्या जातींचे ताड. पण विनाशाची रीत एक आणि सावरण्याची रीतही एक.

बाजाराने या ताडांना वाचवले असते, असे म्हणणाराही भेटेल. बाटलीचा ताड उष्ण प्रदेशांत बंगल्यांच्या फाटकांशी आणि हॉटेलांच्या हिरवळीवर शोभेसाठी लावला जातो. आपल्या रोपवाटिकांतही तो मिळतो. मायभूमीत त्याची दहाही झाडे उरली नव्हती, त्या काळात परक्या बागांतून तो हजारांनी डोलत होता. मग तो वाचलाच की, असे म्हणावे काय? कुंडीतल्या ताडाखाली पाल अंडी घालत नाही, त्याच्या बुडाशी डोंगराची माती थांबत नाही, आणि बागेत जवळच्या जातींशी संकर होऊन त्याचे बीही शुद्ध राहत नाही. बाजार वस्तू जपतो, तिचे नाते जपत नाही. गिरमिट्या मजुराचे मनगट मळेवाल्याने जपले, त्याचे गाव जपले नाही, तसेच हे.

आणि काही ठिकाणी उशीर झालेलाच आहे. मॉरिशसच्या क्युरपीप गावातील सार्वजनिक बागेत बाटलीच्या ताडाचा एक भाऊबंद उभा आहे. त्याच्या जातीचे साऱ्या पृथ्वीवर ते एकच झाड आहे. ते फुलते, फळते. पण त्याच्या बियांपासून दुसरे झाड उभे करण्यात आजवर कोणाला यश आलेले नाही. त्याच्याभोवती संरक्षक चौकट उभारलेली आहे. समाजाने एखाद्या गोष्टीची जबाबदारी वेळेवर घेतली नाही, तर शेवटी तिच्याभोवती फक्त पिंजरा घालता येतो, हे ते झाड मुकाट्याने सांगत असते.

तेव्हा ताडाची रोपे कोणी खाल्ली, या प्रश्नाला शेळीने असे उत्तर देणे खरे असूनही अपुरे आहे. ज्या व्यवस्थेने बेटाला फुकटचे कोठार मानले तिने ती खाल्ली. ज्या कायद्याने नाव बदलले आणि बावीस वर्षे काम केले नाही त्यानेही ती खाल्ली. ती परत उगवली ती मात्र लोकांनी जबाबदारी घेतल्यावरच. आपल्याकडील गायराने, देवराया, तळी आणि खाड्या आज याच दोन शब्दांच्या मध्ये अडकून आहेत. त्या सामाईक म्हणून राखल्या जातील की बेवारस म्हणून खाल्ल्या जातील, हे ग्रामसभेत कोण येऊन बसते आणि कोण प्रश्न विचारते यावर ठरेल. गायरानाचा सात-बारा मागण्यापासून या कामाची सुरुवात करता येते, आणि त्यासाठी कोणा परक्या तज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही.